अमोनियाची टाकी आणि आपली वस्ती

बर्फाचा कारखाना, दूध डेअरी, मासळीचे शीतगृह, बेदाण्याचे कोल्ड स्टोरेज आणि खताचा कारखाना. अशा ठिकाणी एक वस्तू बहुतेक वेळा सापडते, ती म्हणजे अमोनिया वायू. आणि अशा जागांच्या कुंपणाला लागून अनेकदा आपल्यासारख्यांचीच वस्ती असते. कारण सरळ आहे. लाद्या ओढण्याचे, पेट्या उचलण्याचे, कोळंबी सोलण्याचे, पोती भरण्याचे काम तिथे मिळते आणि कामाच्या जवळ राहावे लागते. म्हणजे हा वायू सुटला तर पहिला मार कामगाराला बसतो आणि दुसरा त्याच्या घरच्यांना.

या पानावर आपण नेहमी ताप, रक्तक्षय, बाळंतपण, मधुमेह यांबद्दल बोलतो. या वेळी आम्ही टाकीबद्दल लिहीत आहोत, कारण अमोनियाने भाजलेले डोळे आणि फुप्फुसे पुढे पूर्ण बरी होतीलच असे नाही. गळती होऊ न देणे हाच त्यावरचा खरा उपचार आहे. नर्सिंगच्या शिक्षणात आधी प्रतिबंध आणि मग औषध असा क्रम शिकवतात. तोच क्रम इथेही धरू.

अमोनिया म्हणजे काय?

अमोनियाला रंग नसतो, पण वास इतका उग्र असतो की एकदा घेतला की विसरत नाही. दाब देऊन किंवा थंड करून त्याचा द्रव करतात आणि टाकीत साठवतात. हा द्रव उणे ३३ अंश सेल्सिअसलाच उकळतो. म्हणून टाकी किंवा पाइप फुटला की द्रव झपाट्याने वायू होऊ लागतो. एक लिटर द्रवाचा साधारण ८५० लिटर वायू होतो. लहानशी गळतीही मोठी का ठरते, ते यावरून समजेल.

हा वायू हवेपेक्षा हलका आहे, पण या माहितीवर विसंबू नका. टाकीतून नुकताच सुटलेला अमोनिया इतका थंड असतो की तो हवेतली वाफ धरून पांढऱ्या धुक्यासारखा जमिनीलगत सरकतो. गटारात, खोलगट बोळात, बसक्या घरांत तो आधी शिरतो. वारा पडलेल्या थंड रात्री हे धुके लवकर वर उठत नाही.

आपल्याकडे शेतकरी अमोनिया थेट शेतात टाकत नाही. कारखान्यात त्यापासून युरिया बनतो आणि शेतात युरियाचे पोते जाते. अमेरिकेत मात्र शेतकरी द्रव अमोनियाच ट्रॅक्टरमागच्या टाकीतून जमिनीत सोडतात. त्या फिरत्या टाकीला तिकडे ‘नर्स टँक’ म्हणतात. त्यामुळे तिथे गावोगावी अमोनियाची कोठारे आहेत आणि गळतीचे धडेही बरेचसे तिथूनच मिळाले आहेत.

शरीरावर काय परिणाम होतो?

अमोनिया पाण्याला हपापलेला असतो. आपल्या शरीरात जिथे ओलावा असतो, तिथे तो आधी धावतो : डोळे, नाक, घसा, फुप्फुसे, घामेजलेली काख आणि जांघ. ओलाव्यात मिसळून तो कॉस्टिकसारखा जळजळीत क्षार होतो. आम्लाने भाजले तर वर खपली धरते आणि जखम काहीशी तिथेच थांबते. क्षार मात्र मांस विरघळवत आत आत जातो. म्हणून पहिल्या मिनिटात पडलेले पाणी नंतरच्या महागड्या औषधापेक्षा जास्त कामाचे असते.

हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे २५ भाग ही आठ तासांच्या कामासाठी मानलेली मर्यादा आहे. ३५ भागांत १५ मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. ३०० भाग म्हणजे जिवाला धोका. वास यापेक्षा बराच आधी येतो, हे आपले नशीब. पण रोज वासात काम करणाऱ्याचे नाक त्याला सरावते. ‘आम्हाला काही होत नाही, सवय आहे’ असे बर्फाच्या कारखान्यातले कामगार सांगतात, तेव्हा ती ताकद नसते. धोक्याची घंटा वाजवणारे नाकच बधिर झालेले असते.

घडलेल्या घटना काय सांगतात?

दक्षिण आफ्रिकेत पोचेफस्ट्रूम येथे १३ जुलै १९७३ रोजी खत कारखान्यातल्या अमोनियाच्या टाकीचे एका बाजूचे झाकण अचानक तडकून उडाले. ३८ टन अमोनिया बाहेर पडला आणि १८ माणसे मेली. त्या टाकीवर आधी दुरुस्तीचे वेल्डिंग झाले होते, पण त्यानंतर पोलादातला ताण काढण्यासाठी करायची उष्णता-प्रक्रिया झाली नव्हती. पोलाद ठिसूळ झालेले बाहेरून दिसत नाही.

अमेरिकेत मायनॉट या गावाजवळ १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर मालगाडी रुळावरून घसरली. पाच टाक्या फुटून सुमारे साडेपाच लाख लिटर अमोनिया सुटला. वायूच्या पट्ट्यात ११ हजारांवर लोक राहत होते. मृत्यू एकच झाला, आणि तो वायूतून पळून जाण्याच्या प्रयत्नात बाहेर सापडलेल्या माणसाचा. बाकीचे बहुतेक लोक दारे-खिडक्या लावून, तोंडावर ओली फडकी धरून घरातच थांबले. याउलट त्याच देशात ट्युटोपोलिस गावाजवळ २९ सप्टेंबर २०२३ च्या रात्री अमोनियाचा टँकर रस्त्याकडेला उलटला आणि ५ जण मेले. त्यांत दोन लहान मुले होती.

आपल्या देशातही पाहा. पंजाबात लुधियानाजवळ दोराहा येथे जून २०१५ मध्ये अमोनियाचा टँकर रात्री पुलाखाली अडकला आणि गळला. ६ जण दगावले, शंभराच्या आसपास लोक आजारी पडले. उत्तर प्रदेशात फुलपूरच्या खत कारखान्यात २२ डिसेंबर २०२० च्या रात्री गळती होऊन दोन अधिकाऱ्यांचा मृत्यू झाला. चेन्नईजवळ एन्नोर येथे २६ डिसेंबर २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास जहाजातून खत कारखान्यात अमोनिया नेणारी समुद्रातली पाइपलाइन गळली. किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांतले लोक वासाने दचकून उठले आणि लेकरे काखेत मारून अंधारात पळाले. अनेकांना दवाखान्यात दाखल करावे लागले.

या घटनांपैकी एक सोडली तर बाकी सगळ्या रात्रीच्या आहेत. भोपाळही १९८४ च्या डिसेंबरमध्ये रात्रीच घडले. तिथला वायू वेगळा होता, पण झोपलेल्या वस्तीची गत तीच. म्हणून ‘दिवसा आमचा माणूस गेटवर असतो’ हे उत्तर आपल्याला पुरेसे नाही. रात्री दोन वाजता कोण जागा असतो आणि झोपलेल्या बाईला उठवणारा भोंगा कुठे आहे, हा खरा प्रश्न आहे.

टाकी आणि पाइप का गळतात?

गळतीची कारणे फार गूढ नसतात. बहुतेक कारणे माहीत असलेली आणि टाळता येणारी आहेत.

१. टाकी काठोकाठ भरणे. ऊन लागले की द्रव फुगतो. म्हणून टाकी ८५ टक्क्यांपेक्षा जास्त भरू नये, असा दंडक आहे.

२. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून मधल्या पाइपात द्रव कोंडणे. तो तापून फुगतो आणि जाड पाइपही फाडतो. अशा प्रत्येक तुकड्यावर दाब सोडणारा छोटा व्हॉल्व्ह हवा.

३. जुने होज. टँकरमधून टाकीत अमोनिया भरताना रबरी होज वापरतात. त्याला चिरा पडल्या, फुगा आला, वापराची मुदत संपली की तो बदललाच पाहिजे. होज तुटल्यास प्रवाह आपोआप रोखणारा व्हॉल्व्हही हवा.

४. पितळ आणि तांबे. अमोनिया या धातूंना खातो. स्वस्तात मिळाला म्हणून पितळी नळ किंवा मीटर बसवला की गळती ठरलेली. लोखंडी किंवा पोलादी जोडच चालतो.

५. आवरणाखाली गंजलेला पाइप. थंड पाइपावर थर्माकोल किंवा तत्सम आवरण असते. आत पाणी मुरते आणि पाइप बाहेरून धडधाकट दिसत आतून सडतो. आवरण काढून जाडी मोजल्याशिवाय ते कळत नाही.

६. तेल काढणे. शीतगृहाच्या यंत्रात कॉम्प्रेसरचे तेल अमोनियाबरोबर फिरते आणि तळाशी साचते. ते वेळोवेळी काढावे लागते. एकटा कामगार व्हॉल्व्ह उघडून बादली लावतो आणि दुसऱ्या कामाला वळतो. तेल संपते आणि मागोमाग अमोनिया येतो. या कामाने जगभर अनेक जीव घेतले आहेत. हात सोडला की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह तिथे हवा आणि कामाला दोन माणसे हवीत.

७. वाहनाची धडक. टाकीजवळ ट्रक आणि टेम्पो मागे-पुढे होतात. टाकीभोवती आणि उघड्या पाइपांभोवती भक्कम खांब नसतील तर एक चुकलेला रिव्हर्स पुरतो.

आत काय असायला हवे?

आपले भाऊ, मुलगे, बहिणी आत काम करतात. त्यांनी घरी येऊन सांगावे, असे काही सोपे प्रश्न आहेत. वायू ओळखणारे यंत्र आहे का, आणि ते चालू आहे का? वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी उंचावर लावली आहे का? यंत्रखोलीचा मोठा पंखा बाहेरूनही सुरू करता येतो का? आपत्कालीन शॉवर आणि डोळे धुण्याचा नळ दहा-वीस पावलांवर आहे का, की त्याच्यासमोर पेट्या रचल्या आहेत? पाठीवर हवेचा सिलिंडर घेण्याचे पूर्ण मास्क निदान दोन आहेत का, आणि ते कुलपात तर नाहीत? दाब सोडणारे सेफ्टी व्हॉल्व्ह शेवटचे कधी तपासले? बाहेर पडायला दोन दारे आहेत का, आणि रात्रपाळीत त्यांना बाहेरून कडी तर लावत नाहीत?

शेवटचा प्रश्न आम्ही मुद्दाम लिहिला आहे. जिथे बाया रात्रपाळीत सोलणी-पॅकिंगचे काम करतात, तिथे चोरीच्या संशयाने दार बंद ठेवण्याची वाईट सवय असते. अशा दारामागे अमोनिया सुटला तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

आणखी एक. ठेकेदाराच्या कामगाराला हे प्रशिक्षण मिळत नाही, कारण तो ‘आमचा’ नाही असे कंपनी म्हणते. वायू मात्र कायम आणि ठेक्याचा असा भेद करत नाही. कॉन्ट्रॅक्टवरच्या प्रत्येकाला पळण्याची वाट, भोंग्याचा अर्थ आणि मास्क कुठे आहे हे माहीत असलेच पाहिजे.

वस्तीने आजच काय करावे?

पहिले, वस्तीतल्या पक्क्या इमारती ठरवा : शाळा, विहार, समाजमंदिर, कुणाचे स्लॅबचे घर. पाश्चात्त्य देशांतला ‘घरात थांबा’ हा सल्ला पक्क्या घरांसाठी आहे. आपल्या पत्र्याच्या घराला वर फट, खाली फट आणि दाराला मोठी फट असते. ते घर थोडा वेळच तग धरेल. म्हणून वायू पोहोचण्याआधी वेळ असेल तर पक्क्या इमारतीत जायचे, शक्यतो वरच्या मजल्यावर.

दुसरे, वारा पाहायला शिका. विहारावरचा पंचशील ध्वज कुठल्या बाजूला फडकतो, हे लेकरांनाही सांगता येईल. रात्री अंधारात ध्वज दिसेल असा एक दिवा तिथे लावून घ्या. पळायचे ते वाऱ्याच्या पाठीवर नाही. तसे पळाल तर वायू तुमच्याबरोबर धावेल. कारखाना आणि वारा यांच्या रेषेला आडवे पळायचे, म्हणजे धुक्याच्या पट्ट्यातून बाजूला निघता येते.

तिसरे, प्रत्येक गल्लीत दोन माणसे ठरवा. म्हातारी माणसे, बाळंतीण, दम्याचा रुग्ण, अपंग कुठल्या घरात आहेत ते त्यांना पाठ असावे. विहारातला लाउडस्पीकर रात्री कोण सुरू करील आणि चावी कुणाकडे, हेही आधीच ठरवा.

चौथे, पाणी. डोळे धुवायला एका माणसाला दोन बादल्या सहज लागतात. जिथे नळ दिवसातून तासभर येतो, तिथे गल्लीत एक झाकलेले पिंप राखीव ठेवावे आणि पाणी आठवड्याला बदलावे. डासांचा त्रासही मग होणार नाही.

गळती झालीच तर

पांढरे धुके दिसले किंवा डोळे चुरचुरून उग्र वास आला तर बघायला जाऊ नका. मोबाइलवर व्हिडिओ काढत थांबू नका. पक्के घर असेल आणि वायू दाराशी आला असेल तर आत राहा. दारे, खिडक्या, पंखा, कूलर बंद करा आणि फटींत ओले टॉवेल खुपसा. चूल आणि गॅस विझवा, कारण बंद जागेत दाट झालेला अमोनिया पेटूही शकतो. ओढणी किंवा पदराची ओली घडी नाकातोंडावर धरा. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून ओले कापड उपयोगी पडते. भोपाळच्या लोकांना हा साधा उपाय आधी कुणी सांगून ठेवला नव्हता.

पण ओले कापड म्हणजे मास्क नव्हे. ते बांधून कुणी आत पडलेल्याला काढायला जाऊ नये. पहिल्याला वाचवायला गेलेला दुसरा आणि दुसऱ्यामागे तिसरा, असे जीव जातात. आत जायचे ते पूर्ण मास्क आणि सूट घातलेल्यानेच. सांडलेल्या द्रव अमोनियावर कुणी बादलीने पाणी ओतू नये. त्याने तो आणखी जोरात उकळतो. पाण्याचा फवारा वायूच्या ढगावर मारायचा असतो आणि ते काम अग्निशमन दलाचे आहे. ११२ किंवा १०१ ला फोन करून ‘अमोनिया’ हा शब्द नक्की सांगा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

प्रथमोपचार

डोळे : पापण्या बोटांनी उघडून साध्या पाण्याची धार निदान १५ मिनिटे धरा. रुग्ण ओरडेल, तरी थांबू नका. रुग्णवाहिका येईपर्यंत धुणे चालू ठेवा.

त्वचा : कपडे उतरवून भरपूर पाणी. द्रव अमोनियाने कापड त्वचेला गोठून चिकटले असेल तर ओढू नका, आधी पाण्याने सोडवा. लाज बाळगायची वेळ नाही. बायांसाठी चार जणींनी साडीचा आडोसा धरावा.

श्वास : मोकळ्या हवेत बसवा, आडवे पाडू नका. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा.

लिंबू, व्हिनेगर, दही, तूप, हळद, टूथपेस्ट, बर्फ यांतले काहीही लावू नका. उलटी करवू नका.

आवाज बसला, गिळता येत नाही, लाळ गळते, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो, ही घशाला आतून सूज आल्याची लक्षणे आहेत. क्षणही न दवडता मोठ्या रुग्णालयात न्या. ज्याला खूप वायू लागला तो तासाभरात बरा वाटला तरी घरी आणू नका. फुप्फुसात पाणी काही तासांनी भरू शकते. २४ तास देखरेखीखाली ठेवा, असे डॉक्टरांना विचारून घ्या आणि केसपेपरवर ‘अमोनिया’ लिहून घ्या. तो कागद पुढे नुकसानभरपाईलाही लागतो.

विचारण्याचा हक्क

भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक पदार्थांची आणि त्यापासून वाचण्याच्या उपायांची माहिती कामगारांना आणि शेजारच्या लोकांनाही देणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गट नेमला. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली बाहेरच्या पीडितांना, कुणाची चूक हे सिद्ध न करता, तातडीची मदत मागता येते. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, अपघातापासून ५ वर्षांच्या आत करायचा. कारखान्यांची तपासणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करते. दाबाखालच्या वायूच्या टाक्यांचे परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय तर आपल्या नागपुरातच आहे.

वस्त्यांमध्ये हा विषय काढला की एक भीती समोर येते. ‘जास्त बोललो तर काम जाईल आणि वर म्हणतील, वस्तीच उठवा.’ ही भीती खोटी नाही. म्हणून एकट्याने गेटवर जाऊन भांडू नये. महिला मंडळाच्या किंवा वस्ती समितीच्या लेटरहेडवर, निदान वीस-पंचवीस सह्यांनिशी, पत्र द्यावे. आत काम करणाऱ्यांची नावे त्यात नकोत. पत्रात कारखाना बंद करा असे लिहायचे नाही. चारच गोष्टी मागायच्या : टाकीत किती अमोनिया असतो ते सांगा, वस्तीला ऐकू जाईल असा भोंगा बसवा, त्याचा अर्थ आम्हाला समजावा, आणि वर्षातून एकदा वस्तीसह सराव घ्या. प्रत जिल्हाधिकारी आणि संचालनालयाला द्या आणि पोच घ्या. उत्तर आले नाही तर सरकारी कार्यालयांकडून माहितीच्या अधिकारात शेवटच्या तपासणीचा अहवाल मागा. आणि वस्ती हलवण्याची भाषा कुणी केलीच तर हेच पत्र दाखवा. आपण सुरक्षितपणे राहण्याची मागणी केली आहे आणि ती लेखी आहे.

या रविवारी वस्तीची बैठक असेल तेव्हा पंधरा मिनिटे या विषयाला द्या. दोन माणसांची नावे, पिंपाची जागा, चावी कुणाकडे आणि पत्र कोण लिहिणार, एवढे ठरले तरी बैठक सार्थकी लागली. घरी येऊन लेकरांना ध्वजाकडे बोट करून विचारा, आज वारा कुठून कुठे वाहतो आहे.